चिठ्ठी नसलेला नग

बाबांचा डबा आम्ही ते गेल्यानंतर चौथ्या महिन्यात उघडला. डबा स्टीलचा, भाकऱ्या ठेवायचा. तळाशी जहाजावरच्या जुन्या ब्लँकेटचा गोल कापलेला तुकडा, त्यावर बारा पारदर्शक डब्या, आणि प्रत्येक डबीत सोन्याचं एक नाणं. डबीखाली बोटभर लांबीची चिठ्ठी. चिठ्ठीवर वर्ष, वजन, व्यास आणि जाडी. निळी शाई, बाबांचं उभट अक्षर. झाकण रूपेशनं काढलं, मोजलं मी. नाणी बारा होती, चिठ्ठ्या अकरा. एखादी ब्लँकेटखाली सरकली असेल असं समजून मी पुढे फार शोधलं नाही.

रूपेश माझा धाकटा भाऊ. त्याची बायको सुचिता पहिल्या बाळंतपणाला उरणला माहेरी गेली होती. मुलगी झाली होती आणि सव्वा महिना झाला की ती सारसोळ्याला आमच्या घरी येणार होती. त्याला उलव्यात फ्लॅट घ्यायचा होता. नाणी विकायचं त्यानं काढलं आणि मी आडकाठी केली नाही, कारण बाबांनीच आम्हाला सांगून ठेवलं होतं की विकायची वेळ आली तर विका. फक्त भट्टीत जाऊ देऊ नका. नगाची किंमत नगासारखी झाली पाहिजे.

बाबा, हिरामण, सव्वीस वर्षं परदेशी कंपन्यांच्या मालवाहू जहाजांवर बोसन होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. त्यांच्या पिढीतले आमच्या आळीतले सहा-सात जण बोटीवर गेले. परत येताना कुणी टेपरेकॉर्डर आणायचं, कुणी अत्तरं, कुणी सोन्याचं बिस्कीट. बाबा करार संपला की हिशेब करून, जमलं तर, एक नाणं आणायचे. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलेल्या माणसाला ड्यूटी भरून सोनं आणायची मुभा होती. विमानतळावर कस्टमच्या खिडकीशी ते स्वतःहून जाऊन उभे राहायचे आणि पावती जपून ठेवायचे. बिस्कीट स्वस्त पडतं, ते का नाही आणत, असं लोक विचारत. बाबा म्हणायचे, बिस्किटाला तोंड नसतं.

आळीनं त्या नाण्यांना नावं ठेवली होती. दक्षिण आफ्रिकेचा तो हरणवाला. कॅनडाचा पानवाला, कारण त्यावर मेपलचं पान. ऑस्ट्रियाचा वाजंत्रीवाला, इंग्लंडचा बाईवाला, चीनचा अस्वलवाला. हळूहळू बोटीवरचे बाकीचेही नाणी आणू लागले आणि बाबांकडे दाखवायला येऊ लागले. रविवारी सकाळी बाबा ओट्यावर बसायचे. पुढे काटा, पाण्याची वाटी, दोरा, कॅलिपर. मी दहा वर्षांची असल्यापासून दोरा धरायला असायची. तोंड बघून भुलायचं नाही, आधी वजन, हा पहिला धडा. मग व्यास, मग जाडी, मग पाणी, शेवटी आवाज. सगळं जुळलं की ते "नग बरोबर हाय" एवढंच म्हणायचे आणि समोरचा माणूस निर्धास्त घरी जायचा. नग खोटा निघाला तर ओट्यावर काहीच बोलायचे नाहीत. रुमालात बांधून परत द्यायचे आणि संध्याकाळी त्या माणसाच्या घरी एकटे जायचे.

नाण्याला बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही. काठाला धर, काठाला धर, हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की अजूनही मी पोस्टकार्ड काठाला धरते. रूपेशनं एकदा वडापाव खाल्लेल्या हातानं बाईवाला उचलला. बाबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

आम्ही डबा घेऊन वाशीला इंद्रजित यांच्याकडे गेलो. ते जुनी-नवी नाणी घेतात, विकतात. पन्नाशीचे, हळू बोलणारे, पातळ हातमोजे घालून काम करणारे. मला माणूस आवडला, कारण त्यांनी आधी वजन केलं. एकेक नग तपासून ते चिठ्ठीशी ताडून बघत होते आणि प्रत्येक वेळी चिठ्ठी बरोबर निघत होती. मध्येच त्यांनी रूपेशला समजावून सांगितलं की एकाच वजनाच्या दोन नाण्यांना एकच भाव मिळत नाही. डबीबाहेर न आलेलं, चरा नसलेलं, कमी निघालेल्या वर्षाचं असेल तर सोन्याच्या भावावर चढती किंमत येते. सराफ मात्र सगळ्यांना एकाच भट्टीत घालतो. रूपेशचा चेहरा उजळला. मला बाबांचा ओटा आठवला आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले.

बारावा नग पानवाला होता, १९९३ सालचा. त्याच्याखाली चिठ्ठी नव्हती. काट्यावर तीस पूर्णांक एकोणऐंशी ग्रॅम आलं. असायला हवं होतं एकतीस पूर्णांक दहा. इंद्रजितनी पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. त्यांनी भिंग घेतलं, नाणं फिरवलं आणि एका जागी थांबले. तिथे काठाच्या दातऱ्या नव्हत्या, काठ सपाट होता. शेजारच्या यंत्रावर ठेवलं तर यंत्र सोनंच दाखवत होतं. ते म्हणाले, यंत्र वरची कातडी वाचतं. आत सोन्याइतकाच जड टंगस्टन भरला असेल तर ते त्याला दिसत नाही. शिवाय कुणीतरी काठ कानसला आहे. नग दोन्हीकडून संशयाचा.

रूपेशनं विचारलं की बाबांच्या नजरेतून हे सुटलं असेल का. इंद्रजितनी भिंग खाली ठेवलं.

"अकरांना चिठ्ठी आहे, याला नाही," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "तुमच्या वडिलांना माहीत होतं, ताई."

त्यांच्या बोलण्यात तिरकसपणा नव्हता. बाकीच्या अकरांचाही भाव आता ते मोकळेपणानं देऊ शकत नव्हते, कारण एका डब्यात एक खोटा निघाला की घेणारा बाकीचे कापून बघायला सांगतो. आणि कापलं की तो नग राहत नाही. विचार करा, म्हणाले.

 परतताना गाडीत रूपेश म्हणाला की बाबांना कुणीतरी चुना लावला, नंतर त्यांना ते कळलं, आणि आख्ख्या आळीचे नग बघून देणाऱ्या माणसानं स्वतःचं कसं सांगायचं म्हणून ते गप्प बसले.  आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं.

आईला कळलं नाही, पण गोटीरामकाकांना कळलं. काका बाबांच्याच बोटीवर होते, आणि रूपेशला कुणाशी तरी बोलायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारत असताना काकांचा फोन आला. इकडचं तिकडचं काही न विचारता ते म्हणाले, त्यांच्याकडे आठ नग आहेत, आठही माझ्या बापसानं बघून दिलेले. त्यांचं काय? त्यांच्या मागे अजून चार घरं तोच प्रश्न विचारत होती.

मी टेबलाशी उभी होते. बाबा गेल्यापासून मी बरीच पुस्तकं उघडली होती, मृत्यूबद्दलची आणि मागे राहणाऱ्यांबद्दलची, आणि एकातही माझं मन दहा पानांपुढे गेलं नव्हतं. काकांच्या त्या फोननंतर मला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं की करायचं काय आहे. बाबांच्या मागे त्यांचा एक शब्द राहिला होता, "नग बरोबर हाय." त्याच्यावर लोकांनी मुलींच्या लग्नाचं सोनं ठेवलं होतं. तो शब्द खोटा ठरू द्यायचा नव्हता, आणि खोटा ठरायचाच असेल तर तो माझ्या हातून, पुराव्यानिशी ठरला पाहिजे होता. मी काकांना सांगितलं, रविवारी सगळे नग घेऊन माझ्या नेरूळच्या फ्लॅटवर या. आईच्या ओट्यावर नको.

शनिवारी मी रजा घेतली. बाबांचा काटा आणला, वजनं ताडून घेतली, दिवसभर स्वतःच्या चार बांगड्यांवर हात बसवला.

रविवारी नऊ वाजता पाच माणसं आली. गोटीरामकाका सोफ्यावर बसले नाहीत, जमिनीवर मांडी घालून काट्यासमोर बसले.  काकांचा पहिला हरणवाला मी ठेवला, तेहेतीस पूर्णांक त्र्याण्णव. वाशीच्या एका सराफानं त्यांना सांगितलं होतं की यात तांबं आहे, रंग बघा. मी सांगितलं, तांबं आहेच, म्हणून तर तो इतका जड आहे. आतलं सोनं पुरतं एक औंस आहे, तांबं त्याच्या वरचं. काका म्हणाले, तेच तुझा बापूस बोललेला, फक्त तो चाय पाजून बोलायचा. मी उठून चहा टाकला.

खरा गोंधळ झाला तो शेवटच्या अस्वलवाल्याला. काटा तीसवर थांबला आणि आणणारा माणूस उठूनच उभा राहिला. एक औंस म्हणजे एकतीस, हे आमच्या आळीत शाळेतल्या पाढ्यांसारखं पाठ आहे. मी नाण्यावरचं साल दाखवलं. २०१६पासून चीननं हे नाणं औंसाचं सोडून तीस ग्रॅमचं केलं, आणि ते त्याच्यावर लिहिलेलंही आहे. हलका आहे म्हणून खोटा म्हणणारा स्वतःच कच्चा, असं बाबा म्हणायचे. ते मी मनात म्हटलं.

एक वाजेपर्यंत तेवीस नग झाले. तेवीसही बरोबर. प्रत्येकाला मी तो शब्द दिला, आमच्या घरच्या उच्चारात. निघताना काका चपला घालत म्हणाले, "आमचे समदे बरोबर, मंग त्याचाच खोटा कसा?" दुसरा कुणी तरी जिन्यात म्हणाला की लोकांचे बघून द्यायचा आणि स्वतःचा लपवून ठेवायचा. तो हळू बोलला होता. पण आमच्या जिन्यात आवाज घुमतो.

दार लावून मी बारावा नग काट्यावर घेतला.

वाटीत पाणी घेऊन ती काट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा. नाणं दोऱ्यानं पाण्यात सोडायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवेल त्यानं नाण्याच्या वजनाला भागायचं. शुद्ध सोनं असेल तर उत्तर एकोणीसच्या थोडं वर येतं, पितळ असेल तर आठच्या आसपास. काट्यानं एक पूर्णांक साठ दाखवलं. तीस पूर्णांक एकोणऐंशी भागिले एक पूर्णांक साठ, एकोणीस पूर्णांक चोवीस. दोरा धरायला कुणी नव्हतं, म्हणून मी तीनदा केलं. तीनदा तेच.

एवढ्यानं भागत नाही हे मला माहीत होतं. टंगस्टन पाण्यात सोन्यासारखाच वागतो, पाण्याला तो पकडता येत नाही. त्यासाठी आवाज. नाणं बोटाच्या टोकावर तोलायचं आणि दुसऱ्या नाण्याच्या काठानं त्याला हलकेच टिचकी द्यायची. बाबा म्हणायचे, सोनं गात राहतं, टंगस्टन खोकतो. मी पंखा बंद केला, फ्रीजचं बटण बंद केलं. टिचकी दिली. पानवाला गाऊ लागला. तो लांब, बारीक सूर खोलीत बराच वेळ राहिला. डब्यातला दुसरा, चिठ्ठीवाला पानवाला वाजवून बघितला. तोच सूर, तेवढाच वेळ.

म्हणजे नग आतून बाहेरून सोन्याचा होता. बाबांना कुणी फसवलं नव्हतं. पण शंभराव्या भागाइतकं सोनं त्यातून कुणीतरी नेलं होतं, आणि डबा कायम आमच्या घरात होता. मी माझ्या भावाचा विचार केला. कॉलेजात असताना त्याला मोटारसायकलचं वेड होतं, पैसे कमी पडायचे. हे मी लिहून ठेवते आहे, कारण मी तो विचार खरोखर केला आणि पाच-दहा मिनिटं त्यावर विश्वासही ठेवला.

मग मी भिंग घेतलं. कानस सरळ चालते. तिच्या रेघा एकमेकींना समांतर असतात आणि एका बाजूला धार राहते. इथे धार नव्हती. रेघा गोल होत्या, केसाहून बारीक, एकावर एक पडलेल्या, जशा कुणी दगडावर फिरवून फिरवून केल्या असाव्यात. आणि ही झीज फक्त काठाच्या एका बोटभर जागेत होती. नाण्यावरच्या राणीच्या चेहऱ्यावर एक चरा नव्हता. सोनं चोरणारा माणूस इतकी काळजी घेत नाही.

नाणं परत ठेवायला मी डबी उचलली आणि तिच्यातून वास आला. अगदी थोडा. मी डबी नाकाशी नेली. वेखंड. त्याच्याखाली जायफळ. रूपेश तान्हा होता तेव्हा आईच्या हाताला हाच वास असायचा.

सोमवारी सकाळी लायब्ररीत जाण्याआधी मी सारसोळ्याला गेले. आई पडवीत सुपात जवळा निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि डबी उघडून तिला दाखवली.

"आला काय पानवाला," ती म्हणाली. "मी रूपेशला इचारनारच व्हते. पोर येल ना आता उरनवरनं, गुटीला लागंल."

जवळा निवडता निवडता तिनं सांगितलं. तान्ह्या बाळाच्या गुटीत हळकुंड, वेखंड, जायफळ यांच्यासोबत सहाणेवर सोन्याचे दोन वेढे उगाळायचे, हे आमच्याकडे आहे. त्यासाठी प्रत्येक घरात सोन्याचं एक वळं असतं, त्याला वेढणं म्हणतात. आमच्या घरचं वेढणं आजीच्या सासूपासूनचं. पिढ्यान् पिढ्या घासून ते दोऱ्याएवढं झालं होतं, आणि माझ्या वेळी, १९९३ साली, ते तुटलं. मी आठव्या महिन्यात झाले होते. दूध ओढायची ताकद नव्हती. पाचवीच्या दिवशी बाबा बोटीवरून घरी आले, बॅगेत तो नवा पानवाला. सोनाराकडून वेढणं करून आणायला दोन दिवस लागणार होते आणि त्यात जोडाचा डाग लावताना तांबं येणार होतं. बाबांनी डबी फोडली.

"नवार नव हाय यात, नाण्यावर चार टायमाला नव छापलाय, बोलला. याच्यापरीस चोख सोनं दुकानात नाय गावायचं. सहान त्यानंच धुतली." आई हसली. "पन बोलला काय, काठाला घास. रानीच्या तोंडाला लावू नको."

मला हसू आलं. आई जवळ्यातला कचरा वेचत राहिली. 

मी विचारलं, मग याला चिठ्ठी का नाही केली त्यांनी.

"चिठ्ठी कशी करनार?" ती म्हणाली. "वजन ऱ्हातंय काय त्याचं?"

माझ्यानंतर रूपेश. मग शेजारच्या घरात बाळ आजारी पडलं, त्यांनी मागितला. मग आळीत पद्धतच पडली. कुणाच्या घरी पाळणा हलला की बाई यायची, आईकडून गुटीचा पानवाला घेऊन जायची, धुऊन परत आणायची. बाबा घरी असले की आधी आणि नंतर काट्यावर ठेवायचे. कधी काटा हलायचा, कधी नाही. हलला की बाबांना कोण आनंद व्हायचा. खाल्लं पोरानं, म्हणायचे. आईनं बोटांवर बाळं मोजायला घेतली. सगुणाच्या तीन, थळीच्या घरातली जुळी, गोटीरामच्या दोन्ही नाती, नातू. तीसच्या पुढे ती चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

मी विचारलं, गोटीरामकाकांना हे ठाऊक आहे का. आई म्हणाली, बाप्यांना काय ठाऊक. गुटी बायकांचं काम. पानवाला गुटीत उगाळतात हे आळीतल्या प्रत्येक आईला माहीत होतं आणि हिरामणच्या डब्यात बारा नग आहेत हे प्रत्येक पुरुषाला. दोन्ही एकच नाणं आहे, हे फक्त आई-बाबांना माहीत होतं. आम्ही आईला त्रास नको म्हणून गप्प राहिलो होतो. आठवडाभर उत्तर आतल्या खोलीत बसून गुटीची मुळं निवडत होतं.

मग मी तिला सगळं सांगितलं. इंद्रजित, काका, जिन्यातला आवाज. ती ऐकून उठली, हात धुतले आणि गोटीरामकाकांच्या ओट्याकडे चालू लागली. मी मागोमाग गेले. काका पेपर वाचत होते. आईनं आवाज चढवला नाही. त्यांच्या सुनेला बाहेर बोलावलं आणि विचारलं, तुझ्या पोरांच्या गुटीत सोनं कशाचं उगाळलं. सून म्हणाली, पानवाल्याचं, काकी, असं का विचारता. आईनं माझ्या हातातली डबी काकांपुढे धरली.

काकांना समजायला थोडा वेळ लागला. पेपराची त्यांनी घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाले, "माज्या तिघांनी मिळून कवरा खाल्ला असंल?"

"का, काढून देताव?" आई म्हणाली.

सून पदर तोंडावर घेऊन आत पळाली. काका मान खाली घालून हसत होते आणि डोळे पुसत होते. त्यांनी नाणं हातात घेतलं नाही, नुसतं वाकून पाहिलं. संध्याकाळपर्यंत आळीत ही गोष्ट माझ्याहून पुढे पोचली होती. यावेळी तिला थोपवायची गरज नव्हती.

बुधवारी मी एकटी वाशीला गेले. इंद्रजितना आधी पाण्याचा आकडा दाखवला, मग त्यांच्याच टेबलावर दोन्ही पानवाले वाजवले, मग भिंगाखाली त्या गोल रेघा. सहाणेचं सांगितलं तेव्हा त्यांनी डबी उचलून वास घेतला. ते मूळचे साताऱ्याकडचे होते, त्यांच्याकडेही वेढणं होतं. बराच वेळ ते काठ बघत बसले. सोनं खरं आहे, म्हणाले, पण नग म्हणून तो आता उरला नाही. त्याला वजनाचाच भाव येईल. मी म्हटलं, तो विकायचा नाही. अकरांचा भाव सांगा, पूर्ण.

त्यांनी पूर्ण सांगितला. अकरा नगांना एकच गिऱ्हाईक मिळालं. चिठ्ठ्या नगांबरोबरच द्या, अशी त्यांनी विनंती केली. इतक्या नेमक्या चिठ्ठ्या असल्या की घेणाऱ्याला भरवसा येतो आणि किंमत थोडी चढते. त्या अकरा कागदांवर बाबांचं अक्षर होतं. मी दिल्या. बाबांनी त्या त्याच कामासाठी लिहिल्या होत्या.

मी उठताना इंद्रजित म्हणाले, "त्या वर्षी बाजारात याच्याहून चोख नाणं नव्हतं. तुमच्या वडिलांनी बरोबर निवडला होता."

सुचिता बाळाला घेऊन उरणहून आली त्या दिवशी मी काटा घेऊन सारसोळ्याला गेले. आईनं सहाण मांडली होती. नाणं उचलायला रूपेश पुढे झाला, थांबला, मोरीवर जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुऊन आला. मग त्यानं पानवाला काठाला धरून काट्यावर ठेवला. तीस पूर्णांक एकोणऐंशी.

आईनं दोन थेंब दूध घातलं आणि सपाट काठाचे दोन वेढे दिले. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं आणि चाटलं. रूपेशनं नाणं धुतलं, पुसलं, पुन्हा ठेवलं.

"हलला नाही," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं.

"उद्या हालंल," आई म्हणाली.

मी पर्समधून कागदाची एक पट्टी काढली. वर्ष लिहिलं, व्यास, जाडी, सगळं शाईनं. वजनाशी आले तेव्हा पेन बंद केलं आणि रूपेशकडे पेन्सिल मागितली.